शिंदे घाटावरचे चौऱ्याहत्तर मीटर: सार्वजनिक माहितीचे टीकात्मक वाचन

समीक्षा म्हटली की कविता, कादंबरी, नाटक किंवा चित्रपट आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण रस्त्यावरचा फलक, पर्यटनाची माहितीपुस्तिका, पुराची बातमी हेही मजकूरच आहेत. ते लाखो लोक वाचतात आणि त्यांवर विसंबून निर्णय घेतात. अशा मजकुराची समीक्षा मात्र क्वचित होते. या पाठात आपण असाच एक मजकूर समीक्षेसाठी घेणार आहोत. त्याचा विषय आहे वाराणसीच्या शिंदे घाटालगतचे कललेले देऊळ.

१. मजकूर आणि त्याचे ठिकाण

मणिकर्णिका घाटाच्या शेजारी, गंगेच्या प्रवाहाच्या दिशेने पुढे शिंदे घाट आहे. हिंदीत त्याला सिंधिया घाट म्हणतात. ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे १८२७ मध्ये वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी काही वर्षे राज्यकारभार पाहिला. कागलच्या घाटगे घराण्यातल्या या बाईंनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधवला. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडपही त्यांनीच १८२८ मध्ये उभारला. घाटाचे बांधकाम इतके अवजड होते की ते खचले, असे घाटाच्या इतिहासात सांगतात. मणिकर्णिका आणि शिंदे या दोन घाटांच्या मधोमध, अगदी पाण्याच्या काठाला रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. ते एका बाजूला स्पष्टपणे कललेले दिसते.

या देवळाविषयी गेली काही वर्षे एक माहिती सर्वत्र फिरते आहे. तिचा आशय असा: इटलीतल्या पिसाचा मनोरा ४ अंशांनी कललेला आणि ५४ मीटर उंच आहे, रत्नेश्वराचे देऊळ ९ अंशांनी कललेले आणि ७४ मीटर उंच आहे, म्हणजे ते पिसाच्या मनोऱ्यापेक्षा २० मीटरने उंच असूनही आपण त्याला विसरलो. मजकूर छोटा आहे, आकडे ठसठशीत आहेत आणि शेवटी एक खंतही आहे. म्हणूनच तो लोकांना आवडतो. आता आपण तो सावकाश वाचू.

२. पहिली कसोटी: आकडा डोळ्यांसमोर आणा

७४ मीटर म्हणजे सुमारे २४३ फूट. एका मजल्याची उंची ३ मीटर धरली तर ही साधारण चोवीस मजली इमारत झाली. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर आहे. तेव्हा फिरता मजकूर खरा मानला, तर वाराणसीच्या काठावर कुतुबमिनाराहून उंच देऊळ उभे आहे आणि त्यात तीन गेटवे जवळपास मावतील, असे मानावे लागेल.

घाटाचे कोणतेही छायाचित्र समोर घ्या. देवळाच्या मागे घाटाच्या पायऱ्या चढत गेलेल्या दिसतात आणि त्यांच्या माथ्यावरच्या इमारती देवळाच्या शिखराहून उंच दिसतात. देवळाजवळ उभा असलेला माणूस शोधा आणि त्याची उंची शिखरापर्यंत किती वेळा बसते ते मोजा. उत्तर आठच्या आसपास येते, चाळीसच्या जवळपासही जात नाही. देवळाची खरी उंची सुमारे १३ मीटर, म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस फूट आहे. गेटवेच्या निम्मी.

इथे कोणी म्हणेल, 'फूट लिहायचे ते चुकून मीटर लिहिले असेल.' ही शंकाही तपासून पाहू. ७४ फूट म्हणजे सुमारे साडेबावीस मीटर. तो आकडाही १३ च्या जवळ नाही. त्यामुळे एकक बदलून ही चूक दुरुस्त होत नाही. समीक्षकाने हे ध्यानात ठेवावे: चुकीचे सोपे स्पष्टीकरण सुचले तरी ते आकडेमोड करूनच स्वीकारावे.

३. दुसरी कसोटी: मजकूर स्वतःशी जुळतो का?

याच देवळाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली जाते आणि ती खरी आहे. वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा गंगेच्या पाण्यात असतो आणि पावसाळ्यात पाणी शिखरापर्यंतही चढते. आता ही माहिती ७४ मीटरांच्या शेजारी ठेवा. चोवीस मजली इमारतीचे शिखर गाठायला गंगेला जेवढे चढावे लागेल, तेवढी ती चढली तर पाण्याखाली फक्त देऊळ राहणार नाही, सगळे शहर जाईल. पाणी शिखराला लागते हे खरे असेल तर देऊळ ७४ मीटरांचे असू शकत नाही. एकाच पानावर दोन्ही विधाने सुखाने नांदतात, कारण वाचणारा ती वेगवेगळी वाचतो आणि दोन्हींनी वेगवेगळा विस्मय अनुभवतो.

'२० मीटरने उंच' हा तपशीलही पाहा. तो कोणी मोजलेला नाही. ७४ मधून ५४ वजा केले की तो मिळतो. एखाद्या आकड्यावर बेरीज-वजाबाकी केली की तो तपासून घेतल्यासारखा वाटू लागतो. प्रत्यक्षात चुकीच्या संख्येतून बरोबर वजाबाकी केली तरी उत्तर चुकीचेच राहते. शिवाय पिसाच्या मनोऱ्याची उंची सुमारे ५६ मीटर आहे, तेव्हा ५४ हा आकडाही बरोबर नाही.

४. तिसरी कसोटी: 'जास्त कललेले' म्हणजे काय?

आता शब्दांकडे वळू. देवळाचा कल सुमारे ९ अंश सांगितला जातो. पिसाच्या मनोऱ्याचा कल सध्या जवळपास ४ अंश आहे. कोन पाहिला तर देऊळ अधिक कललेले ठरते. पण 'कलणे' आपण दुसऱ्या पद्धतीनेही मोजू शकतो: माथा पायाच्या सरळ रेषेपासून किती बाहेर गेला आहे? त्यासाठी कललेल्या अक्षावरची उंची कोनाच्या साइनने गुणायची.

देऊळ: १३ मीटर × ०.१५६ = सुमारे २ मीटर.
पिसा: ५६ मीटर × ०.०६९ = सुमारे ३.९ मीटर.

म्हणजे अंशांत मोजले तर देऊळ पुढे आहे आणि मीटरमध्ये मोजले तर मनोरा पुढे आहे. 'पिसापेक्षा जास्त कललेले' हे वाक्य एका राशीपुरते खरे आणि दुसऱ्या राशीपुरते खोटे आहे. कोणती राशी मोजली ते न सांगता तुलना केली की वाक्य अर्धे राहते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही कमी नसते, तरी अर्थाच्या दृष्टीने कर्म गळालेले असते.

हीच आकडेमोड ७४ मीटरवर करून पाहा: ७४ × ०.१५६ म्हणजे साडेअकरा मीटर. माथा पायापासून चार मजले बाहेर झुकलेला, तोही नदीच्या गाळावर. असे बांधकाम खरेच असते तर जगभरचे स्थापत्य अभियंते शिंदे घाटावर मुक्कामाला आले असते.

५. चौथी कसोटी: कुठून मोजले?

याच घाटावर मीटरशी संबंधित दुसरी एक अडचण आहे आणि ती गंभीर आहे. केंद्रीय जल आयोगाच्या मोजणीनुसार वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. हे आकडे सरासरी समुद्रसपाटीपासूनचे आहेत. बातमीत मात्र पुष्कळदा इतकेच असते: गंगा ७१ मीटरच्या वर. नवखा वाचक त्याचा अर्थ ७१ मीटर खोल पाणी असा घेतो. उन्हाळ्यात हाच आकडा ६० च्या खाली गेलेला असतो, तेव्हा नदी काही साठ मीटर खोल नसते.

समुद्रसपाटीपासूनची ७३.९०१ मीटर ही पूरपातळी आणि देवळाची म्हणून सांगितलेली ७४ मीटर उंची हे आकडे जवळपास सारखे दिसतात. त्यावरून एकाचा जन्म दुसऱ्यातून झाला असा निष्कर्ष लगेच काढू नका. साम्य म्हणजे पुरावा नव्हे. शिकायचे ते एवढेच की एकाच ठिकाणी '७४ मीटर' या शब्दांचे दोन अगदी निराळे अर्थ होऊ शकतात आणि संदर्भपातळी सांगितल्याशिवाय ते वेगळे करता येत नाहीत.

घाटावर राहणाऱ्याला यातले काय उपयोगाचे? इशारा आणि धोका यांत बरोबर १ मीटरचे अंतर आहे. पाणी तासाला २ सेंटिमीटरने चढत असेल तर त्याच्या हाती ५० तास आहेत. तासाला १० सेंटिमीटरने चढत असेल तर फक्त १०. नावाडी, फूलवाला, घाटावर भाड्याने राहणारे कुटुंब यांना '७०.२६' या आकड्यापेक्षा ही माहिती आधी हवी. अचूक आकडा लोकांना समजेल अशा रूपात दिला नाही, तर तो असूनही नसल्यासारखा होतो.

महाराष्ट्रातही हेच दिसते. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ फुटांत सांगतात: इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. हे फूट त्या त्या ठिकाणच्या मोजपट्टीवरचे आहेत, समुद्रसपाटीपासूनचे नाहीत. त्याच बातमीत पुढे अलमट्टी धरणाची पातळी येते, ५१९.६० मीटर, आणि ती मात्र समुद्रसपाटीपासूनची असते. धरणातला साठा टीएमसीमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये आणि पाऊस मिलिमीटरमध्ये असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा सांगलीकरांना एकाच वेळी ही सगळी एकके वाचावी लागत होती आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: आमच्या गल्लीत पाणी कधी आणि किती येणार?

६. पाचवी कसोटी: एककाचे नाव बरोबर आहे का?

पुराच्या बातम्यांत 'क्युसेक प्रतिसेकंद' असा प्रयोग सर्रास आढळतो. क्युसेक म्हणजेच घनफूट प्रतिसेकंद. 'प्रतिसेकंद' त्या शब्दाच्या पोटातच आहे. तो पुन्हा जोडला की पाणी सोडण्याचा वेग न राहता वेग वाढण्याचा दर होतो. क्युसेक आणि क्युमेक यांची गल्लत याहून महाग पडते. क्युमेक म्हणजे घनमीटर प्रतिसेकंद, आणि १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. इथे एका अक्षराची चूक पस्तीसपट होते.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. एखाद्या धरणातून १ लाख क्युसेक पाणी दिवसभर सोडले तर किती टीएमसी खाली जाते? एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. गुणाकार केला की ८.६४ टीएमसी मिळतात. वृत्तपत्राने एवढे एक वाक्य जोडले, तरी साठा आणि विसर्ग हे दोन सुटे आकडे वाचकाच्या डोक्यात एकत्र येतील.

आपल्या लिपीतल्या संक्षेपांकडेही पाहा. 'मी.' म्हणजे मीटर, पण 'मि.' म्हणजे मिनिट किंवा मिलि. 'से.' म्हणजे सेकंद, सेल्सिअस की सेंटि, हे शेजारच्या शब्दावरून ओळखावे लागते. ऱ्हस्वदीर्घ चुकले की इथे शुद्धलेखनाची चूक उरत नाही, ती मापाची होते. शिवाय देवनागरीतला एक (१) हा रोमन लिपीतल्या नऊसारखा दिसतो. वाराणसीसारख्या ठिकाणी, जिथे देशभरातून आणि परदेशातून माणसे येतात, फलकावर '१३' लिहिलेले असताना कोणी ९३ वाचले तर त्याला दोष देता येणार नाही.

७. शब्द तोच, माप वेगळे

या घाटांच्या इतिहासात एक विलक्षण योगायोग आहे. जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टाकसाळीत धातूंची पारख करणारा अधिकारी होता. त्याने काशीच्या घाटांची आणि इमारतींची चित्रे काढली. ब्राह्मी लिपी उलगडणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. पण हिंदुस्थानातल्या वजनमापांच्या गोंधळावरही त्याने काम केले. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे ठरवले: ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण. तो तोळा आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅमचा होतो.

आज सराफाच्या दुकानात 'एक तोळा' म्हणजे १० ग्रॅम. शब्द तोच राहिला, वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटले. आजीच्या जुन्या यादीत 'पाच तोळ्यांच्या पाटल्या' असे असेल, तर ते ५८ ग्रॅम आहेत की ५०, हे यादी कोणत्या काळातली आहे यावर ठरेल. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली. तरी जुने शब्द बोलण्यात राहिले आणि त्यांनी नवी मापे अंगावर घेतली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोस, हात, मण, बिघा असा शब्द दिसताच आधी 'कुठला आणि कधीचा?' हे विचारावे.

काळाच्या मापाबाबतही हाच नियम लागू होतो. रत्नेश्वराचे देऊळ मानसिंहाच्या सेवकाने बांधले, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपास, असे कोणी सांगते. कोणी ते अहिल्याबाई होळकरांच्या दासीचे, रत्नाबाईचे म्हणते. अहिल्याबाई १७९५ मध्ये वारल्या. कोणी एकोणिसाव्या शतकातले म्हणते. या कथनांत अडीचशे-तीनशे वर्षांचे अंतर आहे. फलकावर त्यांतले एकच निवडून 'पाचशे वर्षे जुने' असे ठोकून दिले, की कथा आणि नोंद यांतली रेघ पुसली जाते. आईचे ऋण फेडल्याची बढाई मारल्यामुळे देऊळ कलले, ही मातृऋणाची कथा आहे. ती जरूर सांगावी. पण 'असे म्हणतात' हे दोन शब्द तिच्यासोबत असावेत.

८. आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप येईल: 'आपल्या देवळाबद्दल लोक अभिमानाने बोलतात, त्यात दोन आकडे इकडेतिकडे झाले तर बिघडले काय?' आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

पिसाचा मनोरा १९९० मध्ये लोकांसाठी बंद करण्यात आला, कारण त्याचा कल साडेपाच अंशांपर्यंत पोचला होता. अभियंत्यांनी उत्तरेकडच्या बाजूची माती थोडीथोडी काढली. माथा सुमारे ४५ सेंटिमीटर मागे आला आणि २००१ च्या डिसेंबरमध्ये मनोरा पुन्हा खुला झाला. ५६ मीटरांच्या वास्तूत ४५ सेंटिमीटरचा फरक घडवता आला, कारण तिथे कल सातत्याने आणि बारकाईने मोजला जात होता. रत्नेश्वराचे देऊळ दरवर्षी महिनोन्महिने पाण्यात असते, गाळाने भरते, पुन्हा बाहेर येते. ते वाचवायचे तर पहिला प्रश्न असेल: कल वाढतो आहे का? ज्या वास्तूच्या उंचीत आपण साठ मीटरची चूक खपवून घेतो, तिच्या कलात पाव अंशाची वाढ झाली तर ती आपल्याला कळणार कशी?

मापांतली बेफिकिरी माणसांच्या जिवावरही बेतू शकते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ हवेतच इंधन संपून दोन्ही इंजिने बंद पडलेल्या अवस्थेत गिमली इथल्या जुन्या हवाईतळावर उतरले. विमानाला किलोग्रॅममध्ये इंधन हवे होते, हिशेब मात्र पौंडांच्या गुणकाने केला गेला आणि निम्म्याहून कमी इंधन भरले गेले. वैमानिकांच्या कौशल्याने सगळे वाचले. तिथेही आकडा लिहिलेला होता. चुकले होते ते त्याच्यापुढचे एकक.

अभिमानाचा मुद्दाही तपासा. तेरा मीटरचे देऊळ दरवर्षी गंगेखाली जाऊन पुन्हा उभे दिसते, हे मूळचेच नवल आहे. त्याला कुतुबमिनाराहून उंच करण्याची गरज ज्याला वाटते, त्याने ते नीट पाहिलेले नाही.

९. तर मग कसे लिहावे?

टीकेने पर्याय सुचवावा, म्हणून एका फलकाचा मजकूर पुढे देत आहे.

'रत्नेश्वर महादेव मंदिर. मणिकर्णिका आणि शिंदे घाटांच्या मध्ये. उंची: पायापासून शिखरापर्यंत सुमारे १३ मीटर (४३ फूट). कल: उभ्या रेषेपासून सुमारे ९ अंश, त्यामुळे माथा पायापासून अंदाजे २ मीटर बाहेर. वर्षातील बराच काळ गाभारा पाण्याखाली असतो. बांधणीच्या काळाविषयी वेगवेगळी मते आहेत. मातृऋणाची कथा लोकपरंपरेतील आहे.'

यात एकही टाळीचे वाक्य नाही. पण प्रत्येक आकड्यापुढे एकक आहे, कुठून कुठे मोजले ते आहे, 'सुमारे' हा शब्द त्याच्या जागी आहे आणि नोंद व कथा वेगळ्या ठेवल्या आहेत.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातला किंवा महाविद्यालयाजवळचा एक माहितीफलक निवडा. त्यातली प्रत्येक संख्या लिहून तिच्यापुढे राशी, एकक आणि संदर्भपातळी असे तीन रकाने करा. कोणते रकाने रिकामे राहतात?

२. ५०,००० क्युसेक विसर्ग १२ तास चालला तर किती टीएमसी पाणी वाहून गेले? हीच संख्या चुकून क्युमेक समजली तर उत्तर किती पट होईल?

३. 'हा किल्ला त्या किल्ल्यापेक्षा मोठा आहे' या वाक्यात कोणकोणत्या राशी अध्याहृत असू शकतात? किमान चार लिहा आणि प्रत्येकीसाठी वाक्य पूर्ण करा.

४. पुराच्या बातमीचा एक परिच्छेद घ्या आणि तो नदीकाठी राहणाऱ्या, शाळा अर्धवट सोडलेल्या माणसासाठी पुन्हा लिहा. एकही आकडा गाळू नका.